ठसका लागणं आणि घास अडकणं

घरातलं वडीलधारं माणूस ‘गिळता येत नाही’ म्हणालं की पहिल्यांदा त्याच्यापुढे पाण्याचा पेला येतो. घास छातीत अडकला असेल तर त्या घोटाने तो कधी कधी खाली सरकतोही. पण बिघाड घशात असेल, तर त्या माणसासाठी सगळ्यात धोक्याचं असतं ते साधं पाणीच. म्हणून हे दोन त्रास वेगळे ओळखता यायला हवेत.

जीभ घास मागे ढकलते, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिकेचं तोंड मिटतं आणि घास अन्ननलिकेत उतरतो. घशातलं हे काम जेमतेम एका सेकंदात उरकतं. पुढची साधारण २५ सेंटिमीटरची अन्ननलिका त्याच घासाला ८-१० सेकंदांत जठरापर्यंत नेते. पहिल्या टप्प्यात गडबड झाली तर ठसका, दुसऱ्यात झाली तर अडकणं.

ठसक्याचा त्रास बहुतेकदा मेंदू, नसा आणि स्नायूंकडून येतो: पक्षाघात, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश. घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्यांनाही तो होतो. घास तोंडातच घोळत राहतो, गिळायला सुरुवात करतानाच खोकला येतो, कधी पाणी नाकातून येतं, जेवल्यावर आवाज ओला, घरघरता होतो. भातापेक्षा चहा, ताक, पाणी यांनी जास्त त्रास होतो, कारण पातळ पदार्थ घसा मिटायच्या आत वाहत श्वासनलिकेपाशी पोचतो. काही रुग्णांच्या घशाची संवेदनाच गेलेली असते. त्यांना ठसका लागतच नाही आणि अन्न गुपचूप फुप्फुसात जातं. अशा माणसाला वारंवार ताप येतो, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो, आणि घरच्यांना त्याचा जेवणाशी संबंध आहे हे सुचतही नाही.

अडकण्याचा त्रास गिळून झाल्यावर, काही सेकंदांनी जाणवतो. भाकरीचा किंवा मटणाचा तुकडा छातीच्या हाडामागे थांबल्यासारखा वाटतो. इथे सगळ्यात कामाचा प्रश्न असा: सुरुवात कशाने झाली? आधी चपाती अडायची, मग मऊ भात, आता पेजही अडते, असा क्रम असेल तर नळी अरुंद होत चालली आहे. आम्लपित्ताच्या जुन्या जखमेचा व्रण असू शकतो, कर्करोगही असू शकतो. पहिल्या दिवसापासून भाकरी आणि पाणी दोन्ही अडत असतील, तर बहुधा नळीच्या हालचालीतच दोष असतो. अ‍ॅकॅलेशियात खालची झडप नीट सैलावत नाही, तो यातलाच. रुग्ण गळ्याकडे बोट दाखवतो म्हणून अडथळा गळ्यातच असेल असं मात्र नाही. नळीच्या खालच्या टोकाचा अडथळाही वर गळ्यात जाणवू शकतो.

काही आठवड्यांत वाढलेलं अडकणं आणि घटतं वजन, त्यात तंबाखू, मिश्री किंवा दारूची सवय, असं दिसलं तर पित्ताच्या गोळ्या घेत महिने काढू नका. हे मी अगदी कळकळीने सांगते. पोटविकारतज्ज्ञांकडून एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतून तपासणी, करून घ्या. तपासणी दहा-पंधरा मिनिटांची असते. गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत. रक्त खूप कमी असलेल्या बायकांच्या अन्ननलिकेत वरच्या बाजूला पातळ पडदा तयार होऊन घास अडू शकतो, तेव्हा हिमोग्लोबिनही बघावं.

ठसक्यासाठी वाट वेगळी. कान-नाक-घसा किंवा मेंदूविकारतज्ज्ञ, आणि त्यांच्या जोडीला गिळण्याचे व्यायाम शिकवणारे स्पीच थेरपिस्ट. बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ) गिळताना घेतलेल्या हलत्या एक्स-रेमध्ये घास कुठे चुकतो ते दिसतं. पक्षाघात झाल्यावर गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने काहीही द्यायचं नाही, चमचाभर पाणी नाही, गोळीसुद्धा नाही.

भरवण्याचं काम घरच्यांचं, म्हणून ते नीट समजून घ्यावं. रुग्णाला ताठ बसवा, झोपवून कधीच भरवू नका. ठसका लागला की आपण ‘वर बघ, वर बघ’ म्हणतो. या रुग्णाची मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट आणखी मोकळी होते. अनेकांना हनुवटी किंचित खाली ठेवल्याने फायदा होतो, पण आपल्या माणसाला तो होतो का, हे थेरपिस्टनेच ठरवावं. छोटा चमचा, तोंड रिकामं झाल्यावरच पुढचा, आणि जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवणं. घोटलेलं खिमट, नाचणीचं घट्टसर सत्त्व चालतं. चिवडा नको. दुधातले पोहे, फोडी असलेली पातळ आमटीही नको, कारण पातळ आणि घट्ट एकाच घासात सांभाळणं सगळ्यात अवघड. पाणी घट्ट करायची पावडर मिळते, तिचं प्रमाणही विचारूनच ठरवा. फार घट्ट झालं तर ते घशातच साचतं. दिवसातून दोनदा तोंड स्वच्छ करा. लाळेबरोबर तोंडातले जंतू फुप्फुसात जातात आणि न्यूमोनियाला तेच पुरतात.

अडकण्यावर उपाय कारणानुसार: अरुंद भाग फुग्याने रुंदावतात, आम्लासाठी औषध देतात, अ‍ॅकॅलेशियात झडपेचा स्नायू कापतात. तोवर लहान घास, भरपूर चावणं. गोळ्या बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्याव्यात. डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकासारखी गोळी घोटभर पाण्याने घेऊन लगेच आडवं झालं तर ती नळीत अडकून जखम करते.

घास अडकला आणि लाळही गिळता येईना, तर त्याच वेळी रुग्णालय गाठा. माशाचा काटा लागल्यावर केळं किंवा भाताचा गोळा गिळायला लावतात, तसं इथे करू नका. अडलेल्या घासावर आणखी एक घास बसतो.