ट्राँब भिंत

ट्राँब भिंत : इमारतीच्या सूर्याकडील बाजूस (उत्तर गोलार्धात दक्षिणेस) काचेआड बांधलेली, गडद रंगाची, उष्णता साठवणारी जाड भिंत. पंखा, पंप वा वीज यांवाचून खोली उबदार ठेवण्याच्या उपायांत तिचे स्थान महत्त्वाचे आहे.

तिच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड एस. मोर्स यांना सूर्यकिरणांनी खोल्या तापविण्याच्या योजनेचे एकस्व (पेटंट) १८८१ मध्ये मिळाले. त्यावरून काही लेखक मूळ श्रेय मोर्स यांना देतात. मात्र त्यांच्या रचनेत काचेमागे काळ्या पाटीच्या दगडाच्या फरश्या होत्या. त्यांनी हवा तापे, पण रात्रीपुरती उष्णता साठणे कठीणच. फ्रान्समधील पिरेनीज पर्वतात ओदेयो येथे अभियंते फेलिक्स ट्राँब व वास्तुविशारद झाक मीशेल यांनी काँक्रीटच्या जाड भिंतीची घरे उभारली. या घरांचा काळ सामान्यतः १९६७ मानतात. पूर्वतयारी त्याआधीची असावी. उष्णता उशिरा आत पोहोचावी ही योजना येथेच स्पष्ट दिसते आणि तोच या भिंतीचा गाभा असल्याने रूढ नाव अधिक सयुक्तिक वाटते.

सु. २० सेंमी. जाडीच्या भिंतीतून उष्णता आत यायला ८ ते १० तास लागतात. दुपारचे ऊन खोलीला रात्री मिळते. भिंतीला खाली-वर झरोके ठेवल्यास दिवसाही गरम हवा आत येते. पण रात्री हाच प्रवाह उलटतो : खोलीतील उबदार हवा वरच्या झरोक्यातून काचेकडे जाते आणि थंड होऊन खालून परतते. म्हणून झरोक्यांना झडप हवीच. ती नीट मिटत नसेल, तर झरोके नसलेलीच भिंत बरी.

भारतात ही पद्धत मुख्यतः लडाखमध्ये रुजली. लेहच्या अक्षांशावर (सु. ३४° उ.) मध्यान्हीचा सूर्य डिसेंबरात क्षितिजापासून सु. ३२° वर, तर जूनमध्ये सु. ७९° वर असतो. त्यामुळे हिवाळ्यात ऊन थेट भिंतीवर पडते आणि उन्हाळ्यात लहानशा छज्ज्यानेही ते अडते. शे येथील द्रुक पद्म कारपो शाळेच्या वसतिगृहांत अशा भिंती आहेत. महाराष्ट्राच्या उष्ण हवामानात तिचे प्रयोजन नाही.