कोल्ड स्टार्टनंतरचे थरथरते आयडलिंग

रात्रभर उभी असलेली पेट्रोल गाडी सकाळी सुरू केल्यावर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) वर-खाली होणे, बॉनेट आणि स्टिअरिंग थरथरणे, इंजिनाने मिसिंग मारणे (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन न पेटणे), क्वचित बंद पडणे, आणि इंजिन तापले की हे सगळे आपोआप थांबणे, असे या बिघाडाचे स्वरूप आहे. मुंबईच्या गॅरेजांत ही तक्रार बहुधा 'सकाळी गाडी थरथरते, नंतर मस्त चालते' अशी येते. तिच्यातला 'नंतर' महत्त्वाचा. गाडी ट्रॅफिकमधून गॅरेजपर्यंत पोहोचते तोवर इंजिन तापलेले असते आणि मेकॅनिकला बिघाड दिसतच नाही. म्हणून गाडी आदल्या रात्री गॅरेजमध्ये ठेवून सकाळी पहिली चावी मेकॅनिकनेच मारावी, हा निदानाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय आहे.

मुंबईत कडाक्याची थंडी नसते. सांताक्रूझ येथे नोंदलेले नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे (२२ जानेवारी १९६२), आणि एरवी जानेवारीतली पहाटही सोळा-सतरा अंशांच्या आसपास असते. पण साधारण ९० अंशांवर चालणाऱ्या इंजिनाला २५ अंशही थंडच. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान पाहून पेट्रोल वाढवतो आणि आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिन फिरण्याचा वेग) १,१०० ते १,५०० आरपीएमपर्यंत नेतो. इंजिन तापेल तसे ते ७०० ते ९०० वर उतरते. धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम करत नाही, त्यामुळे सुरुवातीला ईसीयू ठरावीक तक्त्यावरच चालतो आणि आपली चूक सुधारू शकत नाही. तापलेल्या इंजिनात झाकली जाणारी छोटी उणीव इथे उघडी पडते. पहिल्या अर्ध्या मिनिटातला चढा, जरा घोगरा आवाज मात्र बिघाड नव्हे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) लवकर तापावा म्हणून बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम ठेवलेला असतो. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) काळात हे सगळे चोक (हवा कमी करणारी झडप) ओढून चालकच सांभाळत असे. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सीवाल्यांना चोक कधी सोडायचा हे कानाने कळे. त्या टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात पूर्णपणे बंद झाल्या.

मुंबईत या तक्रारीला सीएनजीची एक खास बाजू आहे. सिक्वेन्शियल किटच्या (प्रत्येक सिलिंडरला क्रमाने गॅस देणाऱ्या) बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन थोडे तापले की गॅसवर जातात. म्हणजे दिवसभरात पेट्रोल लागते ते नेमके या दोन-चार मिनिटांपुरते. टाकीत काटा रिझर्व्हला टेकलेला, तेच पेट्रोल महिनोन्‌महिने पडून, आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी चिकट थर. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे दमट हवेत जुने पेट्रोल आणखी बिघडते. अशी गाडी सकाळी थरथरते, गॅसवर गेली की गुळगुळीत चालते आणि दोष थंडीच्या माथी मारला जातो. उलट, सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून या गाड्यांत ठिणगी देणारे स्पार्क प्लगही लवकर थकतात. दोन्ही शक्यता वेगळ्या करण्यासाठी तापलेली गाडी सलग पेट्रोलवर चालवून पाहावी. तरीही थरथरली तर पेट्रोलच्या बाजूचा संशय बळावतो. गॅसवर जोर लावताना मिसिंग वाढले तर प्लग आणि त्याला वीज पुरवणाऱ्या कॉइलचा.

तपासणीत इंजिन सुरू करण्याआधी स्कॅनर (ईसीयूतली माहिती वाचणारे यंत्र) लावून, इग्निशन ऑन करून, कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचावे. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. हवा २४ दाखवते आणि कूलंट ६०, तर सेन्सर खोटे बोलतो आहे आणि ईसीयू थंड इंजिनाला तापलेले समजून पेट्रोल कमी देतो. कूलंट उणे ४० दिसले तर बहुधा वायर तुटलेली असते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम बऱ्याचदा उंदीर करतात. स्कॅनरवरचा पी०३०१ सारखा बिघाडाचा कोड पहिल्या सिलिंडरचे मिसिंग सांगतो. त्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावल्यावर कोड पी०३०२ झाला तर कॉइलच गेली. जागीच राहिला तर प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहायचे. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलच्या मापात केलेली दुरुस्ती) आयडलिंगला खूप वर आणि २,५०० आरपीएमला जवळपास नॉर्मल असेल तर व्हॅक्यूम लीक (फटीतून आत शिरणारी जादा हवा) शोधावी. कडक झालेले रबरी होज थंड असताना फटीतून हवा ओढतात आणि गरम झाल्यावर फुगून फट बुजवतात. कार्ब क्लीनर फवारून लीक शोधायची पद्धत गॅरेजांत सर्रास दिसते, पण त्यात आगीचा धोका आहे. स्मोक टेस्ट (नळ्यांत धूर सोडून फट शोधणे) बरी.

पावसाळ्यात प्लग वायरच्या चिरांत ओल शिरते. अंधारात बॉनेट उघडून वायरवर पाण्याचा हलका फवारा मारला की निळसर ठिणगी बाहेर उडताना दिसते. साचलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज धरतो, तोही असाच सकाळी त्रास देतो. पांढरा धूर आणि कूलंट कमी होणे एकत्र दिसले तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेड आणि ब्लॉकमधले सील) तपासावे, त्यात टाळाटाळ नको. इंजिन मिसिंग मारत नसेल आणि नुसते केबिन हलत असेल तर इंजिन माउंटिंगचे रबर बसलेले असते.

दुरुस्ती निदानामागोमाग येते. काळवंडलेला प्लग पॉलिश पेपरने घासून परत बसवण्यापेक्षा अख्खा सेट बदलावा आणि गॅप (प्लगच्या टोकांमधले अंतर) कंपनीच्या मापाप्रमाणे ठेवावा. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करणे हा मुंबईतल्या गॅरेजांचा आवडता पहिला उपाय आहे. काजळी असेल तर गुण येतो. पण सेन्सर किंवा कॉइलचा दोष असताना केलेली सफाई म्हणजे नुसते बिल. सफाईनंतर किंवा बॅटरी काढून लावल्यावर आयडलिंग काही काळ चढे राहू शकते. काही गाड्या थोडे चालवल्यावर स्वतःच जुळवून घेतात, काहींना स्कॅनरने आयडल रीलर्न (ईसीयूला आयडलिंगचे माप नव्याने शिकवणे) करावे लागते, आणि ते न करता सोडलेली गाडी दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच तक्रार घेऊन येते.