भूक जठरात नसते

नितीन गडकरींनी २०११ साली मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ‘बॅरिएट्रिक’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. शब्द पोचला, पण त्यामागची समजूत अजून तीच आहे: पोट कापून लहान करतात, मग खायला जागाच उरत नाही, म्हणून माणूस बारीक होतो. लग्नाच्या हॉलमध्ये अशा एखाद्याच्या पानाकडे बघून हळूच कुजबुज होते, “ऑपरेशन झालंय, चार घासच खातो. समोर एवढं सगळं असताना बिचाऱ्याचा जीव किती तळमळत असेल!” आणि लगेच दुसरा म्हणतो, “एवढे पैसे घालवण्यापेक्षा तोंडावर ताबा ठेवायचा ना.”

कीव करणारा आणि उपदेश करणारा, दोघांनीही धरलेलं असतं की भूक म्हणजे रिकामी जागा. तिथेच गडबड आहे.

आज मुख्यतः दोन प्रकारच्या शस्त्रक्रिया होतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून काढून टाकतात आणि एक निमुळती नळी शिल्लक ठेवतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी वेगळी करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग पोटातच राहतो, पण अन्न त्या वाटेने जात नाही. तिसरा प्रकार आता बराच मागे पडलाय: जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा पट्टा आवळणे. रुग्णांना त्याचा फायदा बेताचाच झाला, पण शास्त्रज्ञांना भरपूर झाला. कारण पट्ट्यामुळेही वर तशीच इवलीशी पिशवी तयार होते. जागेचाच प्रश्न असता तर पट्टा आणि बायपास यांचा परिणाम सारखा यायला हवा होता.

तो आला नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन वर्षानुवर्षं मोजलं गेलं. दहा वर्षांनी बायपासवाल्यांचं वजन सरासरी २५ टक्क्यांनी कमी होतं, पट्टेवाल्यांचं १४ टक्क्यांनी. शिवाय पट्टेवाल्यांना भूक लागायची. बायपासवाले मात्र डॉक्टरांना सांगायचे की जेवायची वेळ झाली हे घड्याळ बघून कळतं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. थोडा किचकट आहे, पण गंमत सगळी यातच आहे.

नुसतं डाएट करून वजन उतरवलं की शरीर त्याला उपासमार समजतं आणि प्रतिकार सुरू करतं. जठराच्या वरच्या भागात घ्रेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं. जपानी शास्त्रज्ञ कोजिमा आणि कंगावा यांनी ते १९९९ साली शोधलं. जेवणाआधी ते रक्तात वाढतं आणि मेंदूला सांगतं, खायला बघ. मेलबर्नमध्ये ५० जणांवर झालेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. दहा आठवडे कडक डाएट करून त्यांनी वजन उतरवलं. वर्षभरानंतरही त्यांचं घ्रेलिन चढलेलंच होतं आणि तृप्ती देणारी संप्रेरकं उतरलेली. म्हणजे ‘तोंडावर ताबा’ ठेवणारा माणूस वर्षभर स्वतःच्याच रक्ताशी झगडत असतो. स्लीव्हमध्ये घ्रेलिन बनवणारा मोठा भागच काढून टाकतात, त्यामुळे त्याची पातळी घसरते.

बायपासची गोष्ट याहून मजेदार. आतड्याच्या अस्तरात एल नावाच्या पेशी असतात. अन्न समोर आलं की त्या जीएलपी-१ आणि पीवायवाय ही दोन संप्रेरकं सोडतात. ती इन्शुलिन वाढवतात, जठराचा वेग कमी करतात, आणि व्हेगस नावाच्या चेतातंतूमार्फत व रक्तामार्फत मेंदूला ‘पुरे’ असं कळवतात. पण एल पेशींची दाट वस्ती आतड्याच्या खालच्या टोकाकडे आहे. एरवी अन्न पॅसेंजर गाडीसारखं थांबत थांबत जातं. बरंचसं वरच पचून शोषलं जातं आणि एल पेशींपर्यंत उशिरा, थोडकंच पोचतं. बायपासनंतर मधली स्टेशनं गाळली जातात. न पचलेलं अन्न पटकन खाली पोचतं आणि जीएलपी-१ अनेक पटींनी उसळतं. चार घासांत ‘पुरे’ वाटतं ते पिशवी भरली म्हणून कमी आणि हा निरोप लवकर, मोठ्या आवाजात गेला म्हणून जास्त.

पुरावा काय? लंडनमध्ये कॅरेल ल रू आणि सहकाऱ्यांनी केलेला, २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार आवडतो. ऑक्ट्रिओटाइड हे औषध आतड्यातून सुटणारी ही संप्रेरकं रोखतं. बायपास झालेल्या आणि पट्टा बांधलेल्या अशा दोन्ही गटांना त्यांनी एकदा ऑक्ट्रिओटाइड दिलं, एकदा नुसतं सलाइन, आणि पुढ्यात जेवण ठेवलं. औषध घेतल्यावर बायपासवाले जास्त जेवले. पट्टेवाल्यांच्या जेवणात फरक पडला नाही. पिशवी तेवढीच होती, पोटातली रचना तीच होती. निरोप अडवला आणि भूक परत आली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण ज्या उंदरांच्या शरीरात जीएलपी-१ चा निरोप घेणारा रिसेप्टरच नाही, अशांवर स्लीव्ह केली तरी त्यांचं वजन उतरतं. घ्रेलिन नसलेल्या उंदरांचंही उतरतं. उलट पित्ताम्लांना प्रतिसाद देणारा एफएक्सआर नावाचा रिसेप्टर काढून टाकला, तर स्लीव्हचा फायदा टिकत नाही, असं २०१४ साली दिसलं. यकृतातून येणारं पित्त आतापर्यंत आपण फक्त तेल-तूप पचवणारं समजत होतो. ते स्वतःही निरोप्या निघालं. त्यात आतड्यातल्या जिवाणूंची भर. एकाच संप्रेरकावर सगळं श्रेय लादता येत नाही, हे ध्यानात ठेवायचं.

ते ध्यानात न ठेवणाऱ्यांचा धंदा मात्र जोरात आहे. ‘नैसर्गिक पद्धतीने जीएलपी-१ वाढवा’ म्हणत कुणी व्हिनेगर विकतो, कुणी काढा, कुणी सकाळी अनशापोटी घ्यायची पावडर. आपल्या शरीरात तयार होणारं जीएलपी-१ रक्तात मिनिट-दोन मिनिटांत निम्मं होतं. डीपीपी-४ हे एन्झाइम त्याचे तुकडे करतं. इसबगोल घ्या, पोट साफ होईल, त्यात वाईट काही नाही. पण त्याने बायपासचा परिणाम मिळेल म्हणणारा एक तर अडाणी आहे किंवा त्याला पावडर खपवायची आहे.

असो. ऑपरेशन झालं, आता खायचं कसं?

पहिले काही दिवस पाण्यासारखे पातळ पदार्थ: नारळपाणी, गाळलेलं सूप, मुगाच्या वरणाचं वरचं पाणी. औषधाच्या ३० मिलिलिटरच्या टोपणातून घोट घोट घ्यायचं, आणि ते टोपण संपायलाही बराच वेळ लागू शकतो. मग ताक-दूध, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं अन्न. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर निदान अर्धा तास थांबायचं. आपल्या जेवणाची खरी पंचाईत इथून पुढे होते. पोळी नीट चावली नाही तर लाळेत भिजून तिचा गोळा होतो आणि पिशवीच्या तोंडाशी अडकतो. छातीत दाटून येतं, तोंडाला पाणी सुटतं, आणि घास वर आल्याशिवाय सुटका नसते. मोकळ्या भाताचंही अनेकांना तसंच होतं. अनेकांना महिनोन् महिने पोळीची भीती वाटते ती यामुळे.

शिवाय प्रथिनांचा हिशेब आहेच. दिवसाला निदान ६० ग्रॅम हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, म्हणजे ६० ग्रॅमला दहा अंडी. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास. शाकाहारी माणसाने वाटीभर जेवणातून हे कसं भरून काढायचं? म्हणून आधी पनीर, डाळ, दही, अंडं, मासा, आणि जागा उरलीच तर भात-पोळी. आपलं पान नेमकं याच्या उलट मांडलेलं असतं. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर. ब-१२ शोषायला जठरातलं आम्ल आणि तिथलंच एक प्रथिन लागतं. शाकाहारी घरांत ब-१२ आधीच तुटपुंजं असतं. उलट्या थांबत नसतील तर ब-१ कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते. तेव्हा घरी बसून लिंबू-पाणी करत बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

आणि गोड? बायपास झालेल्या माणसाने पंगतीत आग्रहाला बळी पडून वाटीभर बासुंदी घेतली असं समजा. एरवी जठर ती हळूहळू खाली सोडतं. इथे साखरेचा दाट द्राव थेट आतड्यात उतरतो. त्याला सौम्य करायला रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. दहा ते तीस मिनिटांत पोटात कळा, छातीत धडधड, दरदरून घाम, जुलाब. आडवं पडावंसं वाटतं. हे ‘डम्पिंग’. काहींचं एवढ्यावर भागत नाही. साखर भसकन रक्तात गेली, शिवाय जीएलपी-१ उसळलं, त्यामुळे इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली कोसळते: हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी, आणि पुन्हा काहीतरी गोड खावंसं वाटणं! त्रास फार असेल तर ऑक्ट्रिओटाइडच देतात. लंडनच्या प्रयोगात ज्याने भूक परत आणली तेच हे औषध.

डम्पिंगचा अनुभव घेतलेले बरेच जण बासुंदीच्या वाटीला लांबूनच नमस्कार करतात. पण सगळ्यांनाच डम्पिंग होत नाही, स्लीव्हवाल्यांना तर कमीच. आणि मोहाचं मूळ निराळ्या जागी आहे. मेंदूत एखादी गोष्ट ‘आवडणं’ आणि ती ‘हवीशी वाटणं’ यांच्या यंत्रणा वेगळ्या आहेत, हे अमेरिकेतल्या केंट बेरिज यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. हवंसं वाटण्यात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा हात असतो, आणि हे हवंसं वाटणं वास, आवाज, जागा, वेळ यांना चिकटून बसतं. संध्याकाळी कढईत वडे पडल्याचा चर्र आवाज आला की पाय वळतात, भूक असो वा नसो. पोट भरलं तरी मन भरत नाही म्हणतात, ते शरीरशास्त्राला धरूनच आहे.

शस्त्रक्रिया इथपर्यंत पोचते का? काही प्रमाणात. २०१४ साली लंडनच्याच एका गटाने बायपासवाल्यांना आणि पट्टेवाल्यांना मेंदूचा कुठला भाग काम करतोय हे दाखवणाऱ्या एफएमआरआय यंत्रात झोपवून खाद्यपदार्थांचे फोटो दाखवले. तळकट-गोड पदार्थ बघून मेंदूचे सुखाशी संबंधित भाग बायपासवाल्यांमध्ये कमी उजळले. पण ही सरासरी आहे, आणि कमी म्हणजे शून्य नव्हे.

पहिलं वर्ष-दीड वर्ष सोपं जातं. भूक नाही, काटा खाली येतोय, लोक कौतुक करताहेत. मग वजन स्थिरावतं आणि जुन्या सवयी डोकं वर काढतात. तेव्हा दगा देतात ते अडकणारे पदार्थ नव्हेत, तर सुळकन उतरणारे: वेफर्स, शेव, चिवडा, बिस्किटं, आइस्क्रीम, चहा. पोळी अर्ध्यात थांबवते, फरसाणाचा डबा थांबवत नाही. टीव्हीसमोर मुठी मुठीने खाल्लं तर पिशवी कधी भरतच नाही. स्वीडनच्या अभ्यासातही बायपासवाले एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरले होते, दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. थोडं वजन परत येणं हा नियम आहे, नालायकीचा पुरावा नव्हे. दारूबद्दल मात्र सावध राहावं. बायपासनंतर ती झपाट्याने रक्तात चढते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मद्यविकाराचं प्रमाण शस्त्रक्रियेआधी ७.६ टक्के होतं, ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झालं.

आता २०२५ पासून मौंजारो, वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली आहेत आणि ‘मग ऑपरेशन कशाला?’ असं जो तो विचारतोय. वेगोवीतलं सेमाग्लुटाइड जीएलपी-१ ची नक्कल करतं, पण ते डीपीपी-४ ला सहजी तोडता येत नाही, शिवाय रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतं, म्हणून आठवड्याला एकच टोचणं पुरतं. फरक लक्षात घ्या: बायपासनंतर जीएलपी-१ उसळतं ते जेवल्यावर, दोन जेवणांच्या मध्ये, उपाशीपोटी, ते जवळपास पूर्वीसारखंच असतं. इंजेक्शनाचं औषध रात्रंदिवस रक्तात राहतं. दुपारी चारच्या फरसाणाच्या वेळी ते हजर असतं, पण ते बंद केलं की भूक परततेच. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी ज्यांचं वजन पुन्हा चढू लागतं, त्यांना डॉक्टर आता ही इंजेक्शनं जोडीला देऊ लागले आहेत. खाणं तेव्हा आणखी कमी होतं, आणि ६० ग्रॅम प्रथिनांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.