प्रथिनबंधन व डीएनएची हालचाल

प्रथिन चिकटल्यामुळे डीएनए रेणूच्या लवचिकतेत, लांबीत व औष्णिक थरथरीत होणारा बदल. पाण्याच्या रेणूंचे धक्के बसत असल्याने डीएनए कधीच स्वस्थ नसतो. मोकळा दुपेडी धागा साधारण ५० नॅनोमीटर (सु. १५० बेस जोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) अंतरापर्यंत ताठ राहतो, पुढे वाटेल तसा वळतो. ही ‘ताठ लांबी’ निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. नागपुरात पारा २७° से. वरून ४५° से. वर चढला, तरी निव्वळ तेवढ्याने ती जेमतेम ६ टक्के घटेल; प्रथिने ती कित्येक पटींनी बदलतात.

नागपुरी संत्र्याच्या पेशीत १८ गुणसूत्रे असतात. त्यांतील डीएनए सरळ केल्यास अंदाजे पाव मीटर भरावा. तो केंद्रकात मावतो तो मुख्यतः हिस्टोन नावाच्या प्रथिनांमुळे. आठ हिस्टोनांच्या गाभ्याभोवती १४७ बेस जोड्यांचे सु. १.७ वेढे बसतात. कडेचे वेढे मात्र अधूनमधून सुटतात.

एश्चेरिकिया कोलाय या जिवाणूत हिस्टोन नाहीत. तेथे आयएचएफ, रेकए, एचयू व एच-एनएस ही प्रथिने डीएनएला चिकटतात. आयएचएफ धाग्याला सु. १६०° वाकवते, रेकए त्याला दीडपट ताणून ताठ करते. एचयू प्रमाण कमी असता धागा मऊ करते, वाढल्यास ताठ करते, असे २००४ मध्ये दिसले. एच-एनएसबाबत मतभेद होता. काहींना ते दोन धाग्यांमध्ये पूल बांधताना दिसले. २००३ मधील प्रयोगांत ते एकाच धाग्यावर ओळीने बसून त्याला ताठ करते असे आढळले. २०१० मध्ये दोन्ही निरीक्षणे मॅग्नेशियमच्या प्रमाणावर अवलंबून असल्याचे दाखवण्यात आले : कमी असता ताठरपणा, जास्त असता पूल. हाच उलगडा अधिक ग्राह्य वाटतो. तथापि पेशीतील मोकळे मॅग्नेशियम साधारणपणे या दोन टोकांच्या मध्ये येते, त्यामुळे प्रत्यक्षात कोणता प्रकार चालतो हा प्रश्न उरतोच.

मापनासाठी धाग्याचे एक टोक काचेला व दुसरे सूक्ष्म मण्याला जोडतात. दाव्याला बांधलेले जनावर दाव्याच्या लांबीइतक्याच घेरात चरते, तसा मणी धाग्याच्या लांबीनुसार डोलतो. प्रथिनाने धागा आखडला की घेर लहान होतो. फिन्झी व गेलिस यांनी १९९५ मध्ये लॅक रिप्रेसर या जनुक बंद ठेवणाऱ्या प्रथिनाने धाग्याला घातलेला फास असाच टिपला.

जिवंत जिवाणूत डीएनएवरील चकाकत्या ठिपक्याचे सरासरी वर्ग-विस्थापन (सरकलेल्या अंतराच्या वर्गाची सरासरी) काळाच्या सु. ०.४ व्या घाताने वाढते, म्हणजे मोकळ्या विसरणापेक्षा बरेच संथपणे.