रानमेवा देशी की परका? बडोद्याच्या परिसरातील फळझाडांची पार्श्वभूमी

पावसाळ्याच्या तोंडावर बडोद्यातील गृहसंस्था, शाळा आणि निसर्गमंडळे वृक्षारोपणाच्या याद्या करू लागतात, आणि अलीकडे त्या याद्यांवर ‘फक्त देशी झाडे’ अशी अट हमखास असते. वड, कडुनिंब, पिंपळ यांवर सहसा दुमत होत नाही. वाद होतो तो रानमेव्यावर. सीताफळ, गोरसआमली (विलायती चिंच), बोर, जांभूळ, रायण (खिरणी) ही झाडे कोणी न लावता माळावर, नदीकाठच्या घळींत, कुंपणाच्या कडेला वाढतात. मग ती देशी नाहीत असे कसे म्हणायचे, हा प्रश्न रास्त आहे. मात्र त्यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. झाड आज माणसाच्या मदतीशिवाय वाढते का, हा एक. आणि ते या भूभागात मुळात माणसाच्या मदतीशिवाय आले का, हा दुसरा. देशीपणा दुसऱ्या प्रश्नावर ठरतो, पहिल्यावर नाही.

हा भेद शास्त्रात एकोणिसाव्या शतकात रुजला. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स्लो यांनी १८३५ मध्ये आणि ह्यूवेट वॉटसन यांनी १८४७ मध्ये तेथील वनस्पतींची मूळच्या, स्थिरावलेल्या आणि परक्या अशी वर्गवारी केली. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फोन्स द कांदोल यांनी १८५५ मध्ये वनस्पतींच्या भूगोलावरील ग्रंथात, माणसाने नेलेली वनस्पती नव्या प्रदेशात स्वतःच्या बळावर पिढ्यानपिढ्या कशी टिकते याचा सविस्तर विचार मांडला. पुढे युरोपातील अभ्यासकांनी इ.स. १५०० च्या आसपासची, म्हणजे अमेरिका खंडाशी दळणवळण सुरू झाल्याची वेळ ही सीमारेषा धरली: तिच्या आधी आलेल्या वनस्पती ‘जुन्या पाहुण्या’ आणि नंतरच्या ‘नव्या’. ही रेषा युरोपच्या सोयीची असली तरी पश्चिम भारताला ती बरीच लागू पडते, कारण पोर्तुगीज जहाजे आपल्या किनाऱ्याला लागली ती त्याच सुमारास.

आपल्याकडील घोळाचे एक कारण ग्रंथांतही आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि गुजरातच्या अभ्यासकांनाही तो आधारभूत ठरला. अशा ग्रंथांत रानात उगवणाऱ्या झाडांबरोबर लागवडीतल्या झाडांच्याही नोंदी असतात. मजकूर नीट न वाचता केवळ नाव सापडले म्हणून झाड इथलेच, असा अर्थ पुष्कळदा काढला जातो.

सर्वांत जुना आणि चुरशीचा वाद सीताफळाचा आहे. छोटा उदेपूर आणि पंचमहालच्या टेकड्यांवर ते इतके सहज वाढते की त्याला परके म्हणणे अनेकांना अन्यायाचे वाटते. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७० च्या दशकात मध्य प्रदेशातील भारहुत स्तूपाच्या प्राचीन शिल्पांत सीताफळ ओळखल्याचे सांगितले आणि हे फळ भारतात पूर्वापार असल्याचे मत मांडले; द कांदोल यांनी मात्र त्याचे मूळ अमेरिकेतच धरले. उत्तर भारतातील उत्खननात फार जुन्या बिया सापडल्याचे दावेही झाले आहेत. तरीही सीताफळाच्या वन्य भावकीतील बहुतेक जाती उष्ण अमेरिकेत आढळतात, आणि हा पुरावा माझ्या मते शिल्पातल्या आकारापेक्षा पुष्कळ भक्कम आहे.

गोरसआमलीची, म्हणजे आपल्या विलायती चिंचेची कथा त्याहून बोलकी आहे. तिचे मूळ मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडील प्रदेशात. स्पॅनिश जहाजांनी ती फिलिपाइन्सला नेली आणि तेथून ती भारतात आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथात तिचे शास्त्रीय वर्णन केले. ज्या झाडाची शास्त्रीय ओळख भारतातून जगाला झाली, ते भारताचे मुळी नाहीच!

साध्या चिंचेबाबत निवाडा अवघड होतो. ती आफ्रिकेची मानली जाते, पण उत्तर प्रदेशातील नऱ्हन येथे सुमारे इ.स.पू. १३०० च्या थरांत तिचा कोळसा मिळाल्याची नोंद आहे. इतक्या जुन्या पाहुणीला आणि गोरसआमलीला एकाच रकान्यात टाकणे मला पटत नाही. पादरा तालुक्यातल्या गणपतपुऱ्याची प्रचंड गोरखचिंच, म्हणजे बाओबाब, नावापुरतीच चिंच असली तरी तीही मूळची आफ्रिकीच आहे.

निःसंशय इथल्या म्हणाव्यात अशा झाडांत रायण, म्हणजे मराठीतली खिरणी किंवा रांजण, पहिली येते. जांभूळ, चणीबोर, भोकर, पीलू, टेंभुर्णी आणि मोह ही तिचीच सोबती. रायण फार सावकाश वाढते, पण वाळत्या हवेत आणि कमी पाण्यात वर्षानुवर्षे तग धरते. पालिताण्याजवळच्या शत्रुंजय डोंगरावर तिला जैन परंपरेत पूज्य मानतात. बागाईतदारांनी तिच्या चिवटपणाचा वेगळाच उपयोग करून घेतला: मध्य अमेरिकेतून आलेल्या चिकूची कलमे गुजरातेत आणि महाराष्ट्रात रायणीच्या खुंटावर बांधली जातात, कारण ती त्याच कुळातली आहे आणि मुळाने दणकट आहे. या कलमांसाठी रायणीचे रोप रोपवाटिकेत सहज मिळते, पण रायण म्हणून ती वाढवणारे थोडे, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

आणखी एक बाब बडोद्याच्या मराठी घरांना विशेष लागू आहे. गायकवाडी काळापासून कोकण आणि देशावरून आलेल्या कुटुंबांना फणस आणि कोकम आपलेच वाटतात, आणि ते भारताचे आहेतही. पण त्यांचे रान सह्याद्रीच्या ओल्या उतारांवर आहे, विश्वामित्रीच्या काठच्या कोरड्या सपाटीवर नाही. देशी हे विशेषण राज्याच्या किंवा देशाच्या सीमेवरून ठरवले, तर ती चालतील. पाऊस, माती आणि तिथले पक्षी-कीटक यांवरून ठरवले, तर चालणार नाहीत. बडोदा कॉलेजचेच विद्यार्थी असलेले कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० मध्ये केंद्रीय मंत्री असताना वनमहोत्सव सुरू केला, तेव्हा भर झाडे वाढवण्यावर होता, त्यांच्या मूळस्थानावर नव्हता. आता यादी करताना प्रत्येक झाडासमोर मूळ प्रदेश, आगमनाचा काळ आणि बडोद्याच्या परिसरातील नैसर्गिक आढळ असे तीन रकाने ठेवले, तर परसात सीताफळ खुशाल लावता येईल आणि नदीकाठच्या पडीक जागेवर रायण, चणीबोर आणि पीलू यांचा हक्क आधी राहील.