हॉट रॉड बांधायचीय? इंजिनचं शेवटी बघा, आधी चासी पिळून बघा

पुढून बोडकी, बॉनेट नाही, मडगार्ड नाही, इंजिन उघडं, मागचे टायर जाडजूड आणि पुढचे सडपातळ. हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी सोलून जोरात पळवायला बांधलेली गाडी, अशी दिसते हे आता रील्स बघणाऱ्या सगळ्यांनाच माहितीय. कुपवाड एमआयडीसीत किंवा साताऱ्यात ज्या पोरांच्या हाताशी लेथ आणि सीओटू वेल्डिंग आहे त्यांना ती बघितली की लगेच वाटतं आपण पण एक बांधूया, आणि पहिला प्रश्न ठरलेला, इंजिन कुठलं टाकायचं? ओम्नीचं घेतात बरेच जण, कारण ते मागची चाकं फिरवतं आणि भंगारात मिळतं पण. मला विचाराल तर इंजिन हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड आहे ते गाडी थांबवणं आणि गाडी न पिळवटणं.

या गाड्यांचा आकार असा का झाला ते आधी बघू. १९३२ साली फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-एट इंजिन दिलं, साधारण ३.६ लिटरचं, ६५ हॉर्सपॉवरचं. सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत आठ सिलिंडर म्हणजे तेव्हा मोठीच गोष्ट. मग कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड घेऊन त्यातलं जे जे काढता येईल ते काढायला लागली आणि मुरॉक, एल मिराजसारख्या कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळावर सरळ रेषेत पळवायला लागली. तिथे वळण नाही, उतार नाही, समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर तर नाहीच नाही. वजन कमी केलं की तेवढ्याच ताकदीत गाडी जास्त जोरात सुटते, एवढं साधं गणित होतं.

मागचे टायर जाड कशासाठी? गाडी जोरात सुटते तेव्हा तिचं वजन मागच्या चाकांवर सरकतं. वजन वाढलं की टायरची पकड वाढते, म्हणून ताकद मागे द्यायची, रबर पण मागेच जास्त द्यायचं आणि पुढे कामापुरते टायर लावायचे. तलावाच्या तळावर हे एकदम बरोबर आहे.

पण ब्रेक मारला की हेच सगळं उलटं होतं. समजा गाडी ९०० किलोची, वजन पुढे-मागे निम्मं निम्मं, म्हणजे ४५० आणि ४५०. दोन्ही ॲक्सलमधलं अंतर अडीच मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर. कोरड्या डांबरावर कचकचून ब्रेक मारला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट वेगाने गाडी मंदावली, तर १२६ किलो मागून पुढे सरकतात. पुढे ५७६ आणि मागे ३२४. म्हणजे थांबवायचं निम्म्याहून जास्त काम पुढच्या चाकांवर आलं, आणि आपण तिथेच बारीक टायर लावून बसलोय! वर मागचे ब्रेक जास्त कडक ठेवले असतील तर हलकी झालेली मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गोल फिरते. म्हणून पुढचे टायर दिसायला जरा जाड वाटले तरी चालतील, पुढे डिस्क ब्रेक घ्या, आणि मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करायला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाकाच.

आता आपल्याकडचा रस्ता घ्या. कास पठारावरून यवतेश्वरचा घाट उतरून साताऱ्यात आलात तर उंचीत साधारण ४५० मीटरचा फरक पडतो. ९०० किलोची गाडी एवढी खाली आली की जवळपास ४० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला पाहिजे, आणि तुम्ही गिअर न टाकता नुसत्या ब्रेकवर उतरलात तर त्यातली बरीचशी ब्रेकच्या लोखंडात उष्णता होऊन जाते. एवढ्या उष्णतेत बारा लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. डॉट-३ ब्रेक ऑईल नवीन असताना २०५ अंशाला उकळतं, पण ते हवेतली ओल पितं आणि ओल धरलेलं ऑईल १४० अंशालाच उकळायला लागतं, मग पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते पण ऑईल पुढे ढकलत नाही आणि पेडल सरळ तळाला जातं. भंगारातून काढलेल्या मास्टर सिलिंडरमधलं जुनं ऑईल तसंच ठेवू नका हो, हात जोडून सांगतो.

चासीची, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याची गोष्ट तर माझ्या अगदी आवडीची. कापडाच्या दुकानात तागा गुंडाळायची पुठ्ठ्याची नळी असते, ती एक मागून आणा आणि दोन्ही हातांनी पिळून बघा, पिळत नाही. आता तीच नळी ब्लेडने एका बाजूने उभी चिरा आणि परत पिळा. पुठ्ठा तोच, वजन तेच, पण हातात लुळी पडते. लोखंडाचं पण असंच आहे. १०० बाय ५० चा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी बंद पाइप आणि तोच लांबीने एका बाजूला चिरलेला पाइप, यांच्या पिळाला विरोध करायच्या ताकदीत तीनशे पटींहून जास्त फरक पडतो. १९३२ च्या फोर्डची चासी उघड्या सी चॅनलची (इंग्रजी C सारखी एक बाजू उघडी) होती, म्हणून तिकडचे लोक त्या चॅनलच्या उघड्या बाजूला पट्टी वेल्ड करून त्याचा डबा करतात. आपल्याकडे सी चॅनल सहज मिळतं म्हणून तेच वापरलं जातं, आणि मग एक चाक खड्ड्यात गेलं की चासीच स्प्रिंगसारखी वागते, स्टिअरिंगला काही कळत नाही आणि काही महिन्यांत वेल्डिंगच्या कडेला बारीक चीर दिसायला लागते.

कायद्याचं पण सरळ सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही, आणि कलम १८२अ मधे त्यासाठी प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. नवीन गाडीला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून टाईप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलला तपासून मंजुरी लागते, ती पद्धत कंपन्यांना डोळ्यासमोर ठेवून आखलेली आहे. ब्रिटनमधे एकट्या घरी बांधलेल्या गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर आणता येतं, तशी सोय आपल्याकडे पण व्हावी असं मला मनापासून वाटतं. आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, ती बघून आनंद महिंद्रांनी कौतुक पण केलं आणि ती नियमात बसत नाही हे पण सांगितलं, आणि २०२२ च्या जानेवारीत तिच्या बदल्यात बोलेरो दिली. एवढी कला असलेल्या माणसाला आपल्या गाडीची तपासणी करून घ्यायला एक खिडकी असायला हवी होती.

तोपर्यंत आपल्या रानातल्या बंद वाटेवर चालवायला बांधा, पण बांधा रस्त्यावरच्या गाडीसारखीच. इंजिन बसवायच्या आधी नुसती चासी घ्या, मागची दोन टोकं जमिनीला पक्की धरा, पुढे मधोमध एक टेकू द्या आणि आडवा पाइप बांधून त्याच्या एका टोकाला, मध्यापासून बरोबर एक मीटरवर, ५० किलोची सिमेंटची गोणी लटकवा. पुढची चासी मागच्यापेक्षा किती अंशाने पिळली ते अँगल मीटरने मोजा, मोबाईलमधलं पण चालेल. तो पीळ जवळपास ४९० न्यूटन-मीटरचा होतो. एक अंश फिरली तर चासी फार मऊ आहे, आजच्या कारखान्यातल्या गाड्यांना एक अंश पिळायला दहा हजार न्यूटन-मीटरहून जास्त लागतात. डबा करा, मधे एक्स आकाराची जोड टाका, आणि तीच गोणी परत लटकवून आकडा किती बदलला ते चासीवरच खडूने लिहून ठेवा.