रंग नाही, पत्ता हलतो

मे महिन्यातल्या दुपारी डांबरी रस्त्याच्या टोकाला पाहिलं की लांबचा विजेचा खांब थरथरताना दिसतो. खांब जागचा हललेला नसतो. तापलेल्या डांबरालगतची हवा विरळ होते, वरची त्या मानाने दाट राहते, आणि अशा कमीजास्त दाटीच्या हवेतून येणारा प्रकाश किंचित वाकतो. डोळ्याला जिथला प्रकाश मिळायचा, तिथला न मिळता शेजारचा मिळतो.

फोटोत ही थरथर आणायची तर कॉम्प्युटरलाही हेच करावं लागतं. नव्या चित्रातला प्रत्येक पिक्सेल विचारतो, ‘माझा रंग कुठून आणू?’ साध्या फोटोत उत्तर असतं, ‘तुझ्याच जागेवरून.’ थरथरीच्या फिल्टरमध्ये ते असतं, ‘जरा शेजारून.’ म्हणजे फिल्टर रंगाला हातच लावत नाही, तो फक्त पत्ता बदलतो. जुन्या पिक्सेलला ‘तू तिकडे जा’ असं का सांगत नाहीत? कारण मग काही जागांवर दोन-दोन पिक्सेल येऊन पडतात आणि काही जागा रिकाम्या राहतात. या उलट्या विचारण्याचा एक परिणाम सुरुवातीला गोंधळात टाकतो : पत्त्यातल्या एक्समध्ये, म्हणजे डावीकडून उजवीकडे मोजायच्या आकड्यात (डावी कड शून्य, उजवी कड एक), ०.१ मिळवले की चित्र उजवीकडे न जाता डावीकडे सरकतं.

हे सगळं कोड न लिहिता नोड जोडून करता येतं. नोड म्हणजे एकच काम करणारी पेटी; डावीकडून आकडे आत येतात, उजवीकडून बाहेर पडतात, आणि पेट्या वायरींनी जोडायच्या. मी ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर वापरतो, तेव्हा उदाहरण तिथलंच घेतो. टेक्स्चर कोऑर्डिनेट हा नोड पत्ता देतो, शून्य ते एक या मापात. इमेज टेक्स्चर तो पत्ता घेऊन फोटोतला रंग आणतो. या दोघांच्या मधल्या वायरीवर आपलं काम चालतं.

शेजारून म्हणजे नेमकं किती शेजारून, हे नॉइज टेक्स्चर हा नोड ठरवतो. यामागची कल्पना कॉम्प्युटर-चित्रांचे संशोधक केन पर्लिन यांची. १९८२च्या ‘ट्रॉन’ चित्रपटाच्या कामात त्यांना कॉम्प्युटरची चित्रं फार यंत्रासारखी, गुळगुळीत वाटली. त्यातून त्यांनी असं सूत्र शोधलं, जे आकडे देतं बेभरवशाचे, पण शेजारशेजारचे आकडे एकमेकांना धरून राहतात. १९८५मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि १९९७मध्ये त्यांना त्यासाठी ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. ढग, संगमरवर, पाणी, काहीही घ्या, आजही सुरुवात बहुतेक वेळा याच सूत्रापासून होते.

आता जिथे हमखास चुकतं ती जागा. नॉइजचे आकडे शून्य ते एकमध्ये असतात, सरासरी ०.५च्या आसपास. ते तसेच पत्त्यात मिळवले तर चित्र थरथरण्याआधी सगळंच्या सगळं एका कोपऱ्याकडे सरकतं. म्हणून आधी व्हेक्टर मॅथ नोडने, म्हणजे पत्त्यातल्या सगळ्या आकड्यांवर एकदम बेरीज-वजाबाकी-गुणाकार करणाऱ्या पेटीने, ०.५ वजा करायचे. आकडे उणे अर्धा ते अधिक अर्धा होतात आणि चित्र आपल्या जागीच थरथरतं. मग ताकदीने, म्हणजे थरथर किती हवी ते ठरवणाऱ्या आकड्याने, गुणायचं आणि येईल ते पत्त्यात मिळवायचं. ताकद ०.०२ ठेवली तर ४००० पिक्सेल रुंद फोटोत जास्तीत जास्त ४० पिक्सेल इकडेतिकडे. उन्हाच्या झळांना एवढं पुष्कळ झालं.

झळा रस्त्यालगत असतात, आभाळात नसतात. म्हणून मास्क, म्हणजे परिणाम कुठे किती हवा ते सांगणारं करडं चित्र, वर शून्य आणि खाली एक असा करून पत्त्यात मिळवण्याआधी त्यानेही गुणायचं. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी मास्कने गुणून नंतर ०.५ वजा केले, तर आभाळात जिथे मास्क शून्य आहे तिथे उणे अर्धा उरतो, आणि जो भाग शांत राहायला हवा तोच सगळ्यात जास्त सरकतो.

ही चूक माझ्याच एका जुन्या फाइलमध्ये होती आणि सापडायला दोन संध्याकाळी गेल्या. चाळीसेक नोड, एकमेकांवरून गेलेल्या वायरी, आणि नावं काय, तर ‘मॅथ.००७’, ‘मॅथ.०१२’. कुठली पेटी ०.५ वजा करते आणि कुठली ताकद लावते, हे प्रत्येक पेटी उघडल्याशिवाय कळत नव्हतं. तेव्हापासून मी पत्त्याच्या वायरी वरच्या ओळीत ठेवतो आणि रंगाच्या खालच्या. दोन्ही ओळी फक्त इमेज टेक्स्चरपाशी भेटतात. प्रत्येक व्हेक्टर मॅथला एफ२ दाबून मराठीत नाव देतो : ‘मध्य शून्यावर’, ‘ताकद’, ‘फक्त रस्त्याजवळ’. तीनही नोड एका फ्रेममध्ये, म्हणजे त्यांच्याभोवतीच्या एका चौकोनात, डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने हिशेब होतो त्याच क्रमाने. वायर मागे वळलेली दिसली की मी थांबतो आणि नोड हलवतो. वाचता येणारा ग्राफ, म्हणजे नोड-वायरींचं हे जाळं, हा माझ्या लेखी सजावटीचा भाग नाही. क्रम डोळ्यांना दिसला असता तर त्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

शेवटी सगळं ग्रुपमध्ये, म्हणजे एकाच मोठ्या पेटीत, घालून बाहेर दोनच आकडे ठेवतो, ताकद आणि लाटेचा आकार. आणखी पाच ठेवण्याचा मोह होतो, पण ते कोणी हलवत नाही.

नॉइजऐवजी स्वतः रंगवलेलं करडं चित्र वापरत असाल, तर त्याची कलर स्पेस, म्हणजे फाइलमधले आकडे कसे वाचायचे याची सेटिंग, ‘नॉन-कलर’ करा. नाहीतर शून्य ते २५५ या मापातला १२८चा मधला करडा ब्लेंडर ०.५ न वाचता जेमतेम ०.२२ वाचतो, आणि चित्र पुन्हा सरकतं.

फोटो जोडण्याआधी मी बुद्धिबळाच्या पटासारखं चौकड्यांचं चित्र लावून बघतो. ताकद शून्य केली की प्रत्येक चौकट होती तिथेच दिसायला हवी. ताकद वाढवली की वरच्या चौकटी सरळच राहायला हव्यात, खालच्या वाकायला हव्यात. आणि खालच्या कडेला एखादी भलतीच पट्टी उमटली, तर पत्ता शून्याच्या खाली जाऊन फोटोच्या वरच्या टोकाला पोहोचला आहे असं समजायचं. इमेज टेक्स्चरमधलं ‘रिपीट’ (कडेबाहेर फोटो पुन्हा सुरू होतो) बदलून ‘एक्स्टेंड’ (कडेचाच रंग पुढे चालू राहतो) केलं की रस्त्याखाली आभाळ दिसायचं थांबतं.